टोयोटाचा किनखाब आणि टोयोटाचा मांजरपाट

कापडाच्या दुकानात दोन तऱ्हेचा माल असतो. एक दर्शनी काचेत लावायचा किनखाब, दुसरा रोज फाडून द्यायचा मांजरपाट. दुकान यापैकी कोण चालवतो, हा वाद आमच्या धंद्यात जुनाच आहे. त्याचे उत्तर आम्हाला जपानच्या टोयोटा कंपनीच्या दोन जुन्या मोटारींत सापडले.

पहिली मोटार २००० जीटी. १९६५ च्या टोकियो प्रदर्शनात ती लोकांनी पाहिली, १९६७ मध्ये बाजारात आली. दोन लिटरचे सहा सिलिंडरचे इंजिन, दीडशे अश्वशक्ती. बांधणीत यामाहा कंपनीचा हात होता आणि आतले लाकूडकाम पियानोच्या कारागिरीचे. अमेरिकेत किंमत सुमारे सात हजार डॉलर, म्हणजे पोर्शे ९११ पेक्षाही जास्त. १९७० पर्यंत साडेतीनशेच्या आसपास मोटारी बनल्या आणि काम थांबले.

दुसरी लँड क्रूझर. १९५१ साली तिच्या पहिल्या नमुन्याने फुजी पर्वताच्या सहाव्या टप्प्यापर्यंत चढून दाखवले. तिची ४० मालिका १९६० ते १९८४ अशी चोवीस वर्षे चालली. ना डौल, ना वेग. पण चिखल, वाळू, दगड कशालाही नाही म्हणायची नाही. आखातात नोकरीला गेलेल्या आपल्या कोकणी बांधवांना तिची ओळख करून द्यायला नको.

आता हिशेब पाहा. अमेरिकेत १९५८ साली टोयोटाच्या २८८ गाड्या खपल्या. त्यांत २८७ टोयोपेट क्राऊन आणि लँड क्रूझर फक्त एक! पण क्राऊन तिथल्या वेगवान रस्त्यांवर टिकली नाही, १९६० अखेर तिची निर्यात थांबली. त्यानंतर १९६५ मध्ये कोरोना मोटार येईपर्यंत तिथले दुकान याच धसमुसळ्या गाडीने उघडे ठेवले. किनखाब काचेत लागला तो त्यानंतर.

किनखाब फुकट गेला, असे आम्ही म्हणणार नाही. जपानी मालही देखणा आणि वेगवान असतो, हे २००० जीटीने जगाला दाखवले. २०१३ साली अशी एक मोटार लिलावात अकरा लाख डॉलरवर गेली. पण तो नफा संग्राहकाचा. कारखान्याच्या गल्ल्यात त्यातला पैसाही आला नाही.

आम्ही स्वतः ही ठेच खाल्ली आहे. एका लग्नसराईत शेजाऱ्याची काच पाहून आम्ही निम्मे भांडवल भारी जरीच्या साड्यांत घातले. अस्तर, चादरी, लुंग्यांचा माल कमी केला. लोक काचेपुढे थांबले, तारीफ करून पुढे गेले. वीस वर्षांची गिऱ्हाइके अस्तर मागायला आली आणि रिकाम्या हाताने परतली. साड्या पुढे घाट्यात निघाल्या, पण ती गिऱ्हाइके काही परत आली नाहीत.

नव्याने दुकान मांडणाऱ्या तरुणांना आमचे सांगणे एवढेच. काच जरूर सजवा, पण मांजरपाटाच्या कमाईतून. त्याचे भांडवल मोडून नव्हे. आम्ही आता शंभरातले दहाच रुपये काचेत घालतो. बाकीचे नव्वद आतल्या फळीवर असतात, आणि रात्री झोप लागते ती त्या नव्वदांमुळे.