‘सोपी’ आमटी कुणाच्या जिवावर?

वर्तमानपत्राची महिला पुरवणी उघडा, मासिकातलं शेवटचं पान उघडा, नाहीतर मोबाईलवर येणाऱ्या पाककृती बघा. थंडी-पावसाचे दिवस आले की एकच घोषणा ऐकू येते : घरच्या घरी, सोपं, झटपट, पौष्टिक! टोमॅटोचं सार, मुगाचं कढण, कुळथाचं पिठलं, चिंचगुळाची आमटी, सगळं म्हणे दहा मिनिटांत. आणि हे सांगितलं जातं कुणाला? ‘गृहिणींनो’, ‘मैत्रिणींनो’, ‘आयांनो’. ‘बाबांनो’ अशी हाक मारून पिठल्याची कृती सांगितलेली आपल्यापैकी कितीजणींनी वाचली आहे?

म्हणून आधी हा ‘सोपं’ शब्दच तपासून घेऊ. कुळथाच्या पिठल्याची छापील कृती चार ओळींची असते. तेलात लसूण-मिरचीची फोडणी करा, पाणी आणि आमसुलं घाला, कालवलेलं पीठ ओता, उकळी आणा. झालं. पण ते पीठ आलं कुठून? कुणीतरी कुळीथ निवडले, भाजले, भरडले, सालं पाखडली, दळून आणले. आमसुलं कुठून आली? पाऊस सुरू व्हायच्या आत कुणीतरी रातांबे फोडले, सालं रसात बुडवून पुन्हा पुन्हा वाळवली. आमटीतला गोडा मसाला, मराठवाड्यातलं येसर, घाटावरचं काळं तिखट, यांतलं प्रत्येक भाजण्या-कुटण्यातून येतं. आज ते दुकानात मिळतं, पण तिथेही ते भाजणाऱ्या-निवडणाऱ्या बहुतेक बायाच असतात. कृतीत मोजली जातात ती शेवटची दहा मिनिटं. आधीचे दिवस आणि नंतरची भांडी कुणाच्याच हिशेबात नाहीत.

आणि डोक्यातलं काम? डाळ किती उरली, सासऱ्यांना तिखट चालत नाही, मुलाला पातळ आवडत नाही, गॅस महिनाअखेरपर्यंत पुरेल का. पातेलं चुलीवर चढण्याआधीच हा स्वयंपाक सुरू झालेला असतो.

सरकारी आकडेच बघा. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीत घरचं बिनपगारी काम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवत होत्या, तर असं काम करणारे पुरुष ९७ मिनिटं. २०२४ च्या पाहणीत हे आकडे २८९ आणि ८८ झाले. म्हणजे पाच वर्षांत दोघांमधलं अंतर २०२ मिनिटांवरून २०१ वर आलं. मिक्सर आले, कुकर आले, सोप्या कृतींचा पूर आला, आणि अंतर घटलं एका मिनिटानं! काम सोपं झालं की ते वाटलं जातं, हा भ्रम आहे. सोपं झालेलं काम त्याच बाईच्या अंगावर राहतं, वर ‘एवढंसं तर आहे, त्यात काय मोठं?’ हे ऐकावं लागतं ते वेगळंच.

आता पातेल्यात डोकावू. पातळ पदार्थ हा गरिबीतला बायकांचा शोध आहे. मूठभर डाळीत घर जेववायचं ते त्याच्याच बळावर. अचानक पाहुणा आला, आमटीत तांब्याभर गरम पाणी घाला. पण ते वाढवलेलं पाणी कुणाच्या वाटीत जातं? वर जमलेली पातळ आमटी शेवटी कुणाच्या वाट्याला येते, आणि तळाची दाट डाळ आधी कुणाला वाढली जाते? हे आपल्याला कुणी शिकवायला नको. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या रक्तक्षय असलेल्या स्त्रियांचं प्रमाण २०१५-१६ मध्ये ४८ टक्के होतं, ते २०१९-२१ मध्ये ५४ टक्क्यांवर गेलं. रक्तक्षयाची कारणं अनेक आहेत. पण पंगतीत शेवटी बसणं हे त्यातलं आपल्या घरातलं कारण आहे, आणि त्याला लोहाच्या गोळ्या हा पुरेसा इलाज नाही.

घराबाहेरही हाच न्याय. शाळेत शेकडो मुलांची आमटी-भात रांधणाऱ्या बाईला सरकार कामगार म्हणत नाही, ‘स्वयंपाकी-मदतनीस’ म्हणतं, आणि पगार नव्हे तर ‘मानधन’ देतं. केंद्रानं ते २००९ मध्ये ठरवलं महिना १००० रुपये, तेही वर्षातले दहाच महिने. का? कारण स्वयंपाक तर बाई घरी करतेच, त्यात कसब ते काय! जानेवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं गृहिणीच्या घरकामाचं आर्थिक मोल मान्य केलं, हे स्वागतार्हच. पण तो निकाल अपघात-भरपाईच्या खटल्यातला होता. म्हणजे बाई मेल्यावर तिच्या आमटीची किंमत मांडायची. जिवंतपणी मात्र ते प्रेम!

‘मग काय पाकिटातलं सूप पाजायचं का मुलांना?’ असा प्रश्न लगेच येईल. नाही. घरचं कढण चांगलंच आहे, स्वस्त आहे, आणि ते रांधण्याचं ज्ञान बायकांनी पिढ्यान् पिढ्या जपलेलं आहे. ते टाकून द्या असं मी म्हणत नाही. माझं म्हणणं एवढंच, की ते चांगलं असेल तर सगळ्यांनी करावं, आणि सोपं असेल तर पुरुषांना न येण्याचं कारणच उरत नाही. पाकिटाला नाक मुरडणाऱ्यानं आधी डाळ भिजत घालावी. स्वतःच्या घरचं पातेलं चार घरच्या आमट्या करून दमलेल्या बाईच्या हाती सोपवून ‘आमच्याकडे समानता आहे’ म्हणणंही पुरेसं नाही. तिचा पगार, सुट्टी आणि तिच्या घरची चूल याचाही विचार त्यात आला पाहिजे.

तेव्हा मैत्रिणींनो, येत्या तीन महिन्यांत आपापल्या गटात हे करून बघू. एक, घरातल्या प्रत्येक पुरुषानं आणि दहा वर्षांवरच्या मुलग्यानं आठवड्यातले दोन दिवस आमटी किंवा पिठलं करायचं. ‘मदत’ म्हणून नव्हे. डाळ आणण्यापासून पातेलं घासण्यापर्यंत सगळं, आणि ‘मीठ कुठंय?’ न विचारता. दोन, आमटी वाढण्याआधी डाव तळापर्यंत फिरवायचा, सगळ्यांना सारखी वाढायची, आणि करणारीनं पंगतीतच बसायचं. तीन, शाळेतल्या स्वयंपाकी बायकांच्या मागण्यांना आपल्या गटाचा लेखी पाठिंबा द्यायचा.

घरात यावरून भांडण होईल. होऊ दे. काय काय झालं ते पुढच्या बैठकीत मांडू, आणि ‘दहा मिनिटांच्या’ आमटीला घरातल्या पुरुषांना प्रत्यक्षात किती वेळ लागला, तेही घड्याळ लावून लिहून आणू.