यादीचा दोष, मतदाराच्या माथीं

मतदारयादींत घोळ आहे अशी ओरड झाली कीं एक ठराविक उत्तर कानीं पडतें: नागरिकानें आपलें नांव आपण पाहावें, नसेल तर अर्ज करावा, आळशी मतदाराचें रडगाणें कोणीं ऐकावें? हें उत्तर वरवर समंजस दिसतें. आमच्या मतें तें न्यायाला सोडून आहे, आणि कायद्यालाही सोडून आहे.

वाचकांनीं विक्रोळीचेंच उदाहरण घ्यावें. कन्नमवार नगर व टागोर नगर या म्हाडाच्या जुन्या वसाहतींतील इमारती पुनर्विकासासाठीं पाडल्या जात आहेत. बिऱ्हाडें भाड्याच्या घरांत, कोणी मुलुंडला, कोणी ठाण्याला जातात; नवी इमारत उभी राहीपर्यंत वर्षें लोटतात. इमारत जमीनदोस्त झाली म्हणून तेथील मतदारही नाहींसा झाला काय? १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचें कलम २० स्पष्ट सांगतें कीं, राहत्या ठिकाणाहून तात्पुरता दूर गेलेला मनुष्य केवळ तेवढ्यावरून तेथील रहिवासी नाहीं असें ठरत नाहीं. आणि तो तेथें राहत नाहीं म्हणून नांव कमी करावयाचेंच झालें, तर कलम २२ प्रमाणें त्याला आपली बाजू मांडण्याची वाजवी संधि द्यावी लागते. आतां ज्या घराचें दारच उरलें नाहीं, त्या घराच्या पत्त्यावर नोटीस धाडणें यास संधि म्हणावयाचें काय?

दुसरा दोष याच्या उलट, म्हणजे दुबार नांवांचा. २०२५ च्या नोव्हेंबरांत मुंबई महानगरपालिकेची प्रारूप मतदारयादी निघाली, तेव्हां सुमारें ११ लाख नोंदी दुबार असण्याची शक्यता खुद्द राज्य निवडणूक आयोगानेंच दाखविली. लागलीच ‘दुबार म्हणजे बोगस’ असें समीकरण मांडलें गेलें. एकानें दोनदां मत देणें हा गुन्हा आहे, याविषयीं आमचें दुमत नाहीं. परंतु नांव दोनदां छापलें जाणें आणि मत दोनदां दिलें जाणें या दोन निराळ्या गोष्टी होत. अर्जदाराचें नांव दुसऱ्या मतदारसंघांत असेल तर तेथील अधिकाऱ्यास कळविणें हें नोंदणी अधिकाऱ्याचें कर्तव्य, व कळतांच जुनें नांव काढणें हें त्या दुसऱ्या अधिकाऱ्याचें, असें कलम २३ सांगतें. विक्रोळीचा मनुष्य ठाण्यास गेला, अर्जांत जुना पत्ता त्यानें प्रामाणिकपणें लिहिला, आणि तरीही नांव दोन्हीकडे राहिलें, तर अपराध त्याचा कीं दोन कचेऱ्यांचा?

राज्य आयोगाची स्थिति तर अधिकच चमत्कारिक. १८८८ च्या मुंबई महानगरपालिका अधिनियमान्वयें विधानसभेचीच यादी पालिकेस चालते. राज्य आयोगानें ती प्रभागवार फोडावी. तींत आपण होऊन भर घालूं नये, कीं वजाबाकी करूं नये. म्हणून संशयित नांवापुढें दोन तारे छापून आणि मतदानकेंद्रावर हमीपत्र घेऊन वेळ निभावावी लागली. यादी एका आयोगाची, निवडणूक दुसऱ्याची, आणि संशयाचा डाग मात्र मतदाराच्या नांवावर!

यादी शुद्ध नको काय, असें कोणी विचारील. अवश्य हवी, पण शुद्धीचा भार कोणावर, हाच खरा वाद आहे. १९९५ सालीं लालबाबू हुसेन प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयानें सांगितलें कीं, पूर्वीच्या यादींत नांव असलेल्या माणसाची नोंद विधिवत् झाली असें गृहीत धरून चालावें. २०२५ च्या ऑगस्टांत बिहारच्या प्रारूप यादींतून सुमारें ६५ लाख नांवें गळलीं, तेव्हां तीं कारणांसह प्रसिद्ध करा, असा आदेश त्याच न्यायालयास द्यावा लागला.

आमचें मागणें यापुढें जात नाहीं. इमारत रिकामी होतांना तेथील सभासदांची यादी व तात्पुरते पत्ते गृहनिर्माण संस्थेपाशीं असतात. विकासकाचें भाडें ज्या पत्त्यावर दरमहा बिनचूक पोंचतें, तेथें सरकारी नोटीसही पोंचूं शकते. नोंदणी अधिकाऱ्यानें ते पत्ते मागून घ्यावे. वगळलेलें प्रत्येक नांव कारणासह त्या त्या प्रभागांत लावावें. जुनें नांव वेळेवर न काढणाऱ्या कचेरीस जाब विचारावा. एवढें झाल्यावर जो मतदार हालणार नाहीं, त्याला आळशी म्हणण्यास आम्हीही तयार आहों. तोंवर तो शब्द कचेऱ्यांनीं आपल्यापाशींच ठेवावा.