भज्यांच्या पुड्यातला दाखला



परवा हरसूलच्या बाजारात भजी घेतली. पुडा उलगडला तर तेलाच्या डागाखाली कुणा मुलाचा जातीचा दाखला! झेरॉक्स प्रत. नाव, वडिलांचे नाव, जमात, गाव, सारे स्पष्ट. मागे पेनाने मोबाईल नंबर. कुठल्याशा फॉर्मला जोडलेला कागद रद्दीत गेला आणि तिथून भज्यांच्या गाडीवर आला. मी स्वतः कारकून. लोकांच्या झेरॉक्स फायलीला लावण्यात माझी नोकरी चालली आहे. त्या कागदांचे पुढे काय होते, हे मी तरी कधी विचारले?

दुसऱ्याच दिवशी ओळखीतली एक मुलगी घरी आली. वडील सातपूरला कंत्राटी कामगार, ही यंदा बी.कॉम. झालेली. "काका, बँकेच्या परीक्षा सगळेच देतात. मला सायबर कायदा शिकायचाय. आई म्हणते, त्याने पोट भरतं का?" मी तिच्यापुढे तो तेलकट कागद ठेवला.

खासगीपणा म्हणजे बंगलेवाल्यांचा चोचला, असे आपल्या वस्तीत सर्रास बोलले जाते. दहा बाय दहाच्या खोलीत कसला आलाय खासगीपणा! पण बाबासाहेबांनी तसे मानले नाही. १९४७ साली शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनसाठी त्यांनी 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' हे निवेदन तयार केले. माणसाच्या अंगाची, घराची, कागदपत्रांची विनाकारण झडती-जप्ती होऊ नये, हा हक्क त्यात मागितला होता. कागदपत्रांचीसुद्धा, हे ध्यानात घ्या. पुढे डिसेंबर १९४८ मध्ये संविधान सभेत काझी सय्यद करीमुद्दीन यांनी अशीच दुरुस्ती मांडली, तेव्हा बाबासाहेबांनी ती स्वीकारायची तयारी दाखवली. तरीही ती मंजूर झाली नाही. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने सांगितले २४ ऑगस्ट २०१७ रोजी. मधे सत्तर वर्षे गेली.

मुंबईच्या १९९२-९३ च्या दंगलीची चौकशी करणारे न्यायमूर्ती श्रीकृष्ण वाचकांना आठवत असतील. माहिती संरक्षण कायद्याचा मसुदा २०१८ मध्ये त्यांच्याच समितीने दिला. जात आणि जमात ही संवेदनशील माहिती, तिला जादा संरक्षण हवे, असे त्यात होते. २०२३ मध्ये 'डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा' झाला, त्यात हा वर्गच उरला नाही. आपली जात आणि आपल्या चपलेचे माप, दोन्ही एका तागडीत! दंड अडीचशे कोटींपर्यंत आहे खरा, पण तो सरकारी तिजोरीत जाणार. ज्याची माहिती फुटली त्याला भरपाई देण्याची सोय या कायद्यात नाही. आणि भज्यांचा कागद? संगणकात चढेपर्यंत तो या कायद्याच्या कक्षेतच येत नाही.

आम्हा कार्यकर्त्यांना आणखी एक धास्ती आहे. याच कायद्याने माहिती अधिकारातले कलम ८(१)(ञ) बदलले. रेशनच्या दुकानाचा हिशेब मागावा आणि 'ही वैयक्तिक माहिती आहे' म्हणून अर्ज परत यावा, अशी वेळ येऊ शकते. सार्वजनिक हितासाठी माहिती देता येते, हे कलम ८(२) अजून शाबूत आहे. पण ते नेमके कुठे ठोकायचे, हे जाणणारी आपली पोरे किती?

फसवणुकीचे तर विचारू नका. शिष्यवृत्ती मंजूर झाली, ओटीपी सांगा, म्हणून फोन येतो आणि खाते रिकामे होते. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या ६६ सी आणि ६६ डी या कलमांखाली अशा ठकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड आहे. पण आपली माणसे लाजेपोटी दोन-दोन दिवस गप्प बसतात. पैसे गेल्याचे कळताच १९३० ला फोन लावावा. उशीर झाला की पैसा चार खात्यांतून पार होतो.

मुलीला मी दोन वाटा सांगितल्या. इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाचा सायबर कायद्याचा पदव्युत्तर प्रमाणपत्र अभ्यासक्रम कुठल्याही शाखेच्या पदवीधराला घरी बसून करता येतो, निदान सहा महिन्यांचा. पुस्तके इंग्रजीत, म्हणजे शब्दकोश जवळ हवा. मात्र त्या प्रमाणपत्रावर वकिली करता येत नाही. कोर्टात उभे राहायचे तर सीईटी देऊन तीन वर्षांचे एलएल.बी.च करावे लागते. माझे मत दुसऱ्या वाटेचे. बी.कॉम.वाल्याला खात्याचा उतारा वाचता येतो, आणि या गुन्ह्यांत निम्मे काम तेच असते.

काल तिची आई भेटली. "भाऊ, सीईटीचे कागद स्कॅनला दुकानात ठेवून येते."

म्हटले, "ठेवू नका. तिथेच थांबा. काम झालं की दुकानदाराच्या संगणकातून ते पुसायला लावा, आणि पुसलेलं डोळ्यांनी बघूनच उठा."