दोन घरे, दोन शैली

गृहसजावटीच्या चर्चेत दोन शैलींची नावे हल्ली वारंवार कानी पडतात. एक भौमितिक आधुनिक शैली : सरळ रेषा, काटकोन, मोकळ्या भिंती, मोजके रंग. दुसरी बोहेमियन शैली : भरघोस नक्षी, जुन्या-नव्या वस्तूंची सरमिसळ, एकावर एक अंथरलेले गालिचे. पहिली शिस्तीची आणि दुसरी स्वातंत्र्याची, अशी त्यांची वाटणी सर्रास केली जाते. मला ती पटत नाही. या शैली ज्या घरांत प्रत्यक्ष वावरल्या, त्या घरांकडे पाहिले की निराळेच चित्र दिसते.

नेदरलँड्समधील उट्रेख्ट शहरात १९२४ साली बांधलेले श्रोडर यांचे घर भौमितिक शैलीचा नमुना मानले जाते. पांढऱ्या-करड्या पृष्ठभागांवर लाल, निळा, पिवळा आणि काळा एवढेच रंग. प्रथमदर्शनी ते कागदावरची आकृतीच वाटते. परंतु त्या काटकोनांमागे एका आईची इच्छा होती. ट्रूस श्रोडर या तीन मुलांच्या आई. नुकतेच वैधव्य आलेले. मुलांनी बंद खोल्यांत न वाढता मोठ्यांच्या सहवासात वाढावे, असे त्यांना वाटे. सुतारकामातून वास्तुकलेकडे वळलेल्या गेरिट रीटवेल्ड यांनी त्यांच्यासह या घराची रचना केली. वरच्या मजल्यावर सरकत्या भिंती बसवल्या. दिवसा सारा मजला म्हणजे एकच दालन. रात्री भिंती ओढल्या की स्वतंत्र खोल्या तयार. बांधकामाच्या नियमांत ही रचना बसेना, म्हणून नकाशात तो मजला चक्क माळा म्हणून दाखवण्यात आला! (ही युक्ती आपल्याकडेही अपरिचित नाही.) १९८५ साली मृत्यू येईपर्यंत, म्हणजे सुमारे साठ वर्षे, श्रोडरबाई त्याच घरात राहिल्या. जिला आपण शिस्त म्हणतो, तिनेच त्यांना मनासारखे जगू दिले.

आता दुसरे घर. ‘बोहेमियन’ हा शब्द मुळात रोमा या भटक्या लोकांसाठी फ्रेंच भाषेत रूढ झाला. ते बोहेमिया प्रांतातून आले, असा तेव्हाचा चुकीचा समज होता. प्रत्यक्षात त्यांचे पूर्वज काही शतकांपूर्वी भारतातून बाहेर पडलेले. पुढे एकोणिसाव्या शतकात पॅरिसच्या निर्धन, मनस्वी कलावंतांना तेच नाव मिळाले. त्या वृत्तीचे एक घर इंग्लंडमधील ससेक्स परगण्यात आहे : चार्ल्स्टन. पहिले महायुद्ध चालू असताना, १९१६ साली, चित्रकार व्हेनेसा बेल तेथे राहायला गेल्या. त्यांचे सहचर चित्रकार डंकन ग्रँट यांनी लढायला नकार दिला होता. त्यामुळे त्यांना शेतीकाम पत्करणे भाग होते. घर भाड्याचे, विजेची सोय नाही, गारठा भरपूर. मग दारे, कपाटे, चुलाणे, पलंग, जे समोर येईल ते या मंडळींनी रंगवून काढले. त्या रंगांचा उल्हास आजही मन मोहून टाकतो.

मात्र त्याच घरात ग्रेस हिगेन्स नावाची एक स्त्री १९२० पासून सुमारे पन्नास वर्षे राबत होती. आधी मोलकरीण, नंतर स्वयंपाकीण. चार्ल्स्टनच्या मोहक पसाऱ्याचे कौतुक करताना तो रोज कोण आवरत होते, हेही विचारायला हवे.

बाजाराने दोन्ही शैलींचे मूळ पुसून टाकले आहे. कारखान्यात मोठ्या संख्येने तयार होऊन सामान्यांच्या घरी पोहोचावी, या विचारातून जर्मनीत मार्सेल ब्रॉयर यांच्यासारख्यांनी पोलादी नळ्यांची खुर्ची घडवली. आज ती श्रीमंतीचे लक्षण झाली आहे. कच्छी आरसेकामाचे अभ्रे आणि विणलेल्या दोऱ्यांची तोरणे ‘बोहेमियन संच’ म्हणून एकगठ्ठा मिळतात. एका दुपारी विकत आणलेल्या मनस्वीपणाला काय म्हणावे?

आपल्याकडे दोन खोल्यांत पाच-सहा माणसे राहतात. जेथे सकाळी भाजी निवडली जाते, तेथेच दुपारी शिवणयंत्र चालते, संध्याकाळी मुले अभ्यासाला बसतात आणि रात्री गाद्या पडतात. अशा घराला श्रोडरबाईंची सरकती भिंत, दुमडून ठेवण्याचे टेबल, पलंगाखालचा खण यांचा खरा उपयोग आहे. भिंतीचा रंग पांढरा की करडा, हे नंतर पाहता येईल. आणि आजीने जुन्या लुगड्यांची शिवलेली गोधडी घरात असेल, तर तिला शैलीचे नाव देऊन भिंतीवर टांगण्याचे कारण नाही. थंडीत ती अंगावर घ्यावी.