स्क्रीनही औषधासारखी तपासून घ्या

सरकारी रुग्णालयातला केसपेपर आता मोबाइलवरून निघू लागला आहे. खिडकीजवळचा क्यूआर कोड स्कॅन करायचा, माहिती पाठवायची, टोकन घ्यायचे. २७ सप्टेंबर २०२१ रोजी आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर सुरू झाले. तेव्हापासून १४ अंकी ‘आभा’ क्रमांक घरोघरी पोहोचतो आहे आणि नोंदणीपासून तपासणी अहवालांपर्यंत बरेच काही संगणकावर येत आहे. रांगेतला वेळ वाचतो, जुने कागद हरवत नाहीत, हा फायदा खराच. मात्र चर्चा होते ती इंटरनेटच्या वेगाची, संगणकांच्या संख्येची, फार तर माहितीच्या गोपनीयतेची. स्क्रीनवर कोणते बटण कुठे आहे, सूचना कोणत्या भाषेत आहे, चूक झाली तर ती दिसते का, हे फारसे कोणी विचारत नाही. याला युजर इंटरफेस म्हणतात. माणूस आणि यंत्र यांची गाठ पडते ती इथे. त्याची रचना हे सजावटीचे काम समजले जाते. वैद्यकात तो रुग्णाच्या जिवाचा प्रश्न असतो.

याचा कटू धडा ‘थेरॅक-२५’ या किरणोपचार यंत्राने दिला. १९८५ ते १९८७ या काळात अमेरिका आणि कॅनडात या यंत्रातून सहा रुग्णांना प्रमाणाबाहेर किरणमात्रा मिळाली. त्यांतले काही दगावले. मार्च १९८६ मध्ये टेक्सासमधील टायलर येथे तंत्रज्ञ महिलेने उपचाराचा प्रकार भरताना एक अक्षर चुकीचे टाइप केले आणि लगेच दुरुस्त केले. स्क्रीनवर दुरुस्ती दिसली, पण यंत्रापर्यंत ती पोहोचलीच नाही. आठ सेकंदांच्या आत केलेला बदल सॉफ्टवेअर टिपत नव्हते. किरण सोडताच यंत्र थांबले आणि ‘मालफंक्शन ५४’ एवढेच उमटले. त्याचा अर्थ यंत्राच्या पुस्तिकेत नव्हता. असे संदेश वरचेवर येत आणि एक कळ दाबली की काम पुढे सुरू होई. तिने ती कळ दाबली. रुग्णाला दुसरा झटका बसला. पाच महिन्यांनी तो गेला. मूळ दोष सॉफ्टवेअरचा, पण तो झाकून ठेवला स्क्रीनने.

आपल्याकडचा अनुभव फार जुना नाही. १ मे २०२१ पासून १८ ते ४४ वयोगटाचे लसीकरण खुले झाले, ते सुरुवातीला ‘कोविन’वर नोंदणी करण्याच्या अटीवर. तिथे मराठी आणि इतर भारतीय भाषा आल्या जूनमध्ये. सर्वोच्च न्यायालयानेही त्या काळात या डिजिटल दरीवर बोट ठेवले. त्याच सुमारास, वेळ घेऊनही केंद्रावर न गेलेल्या काही जणांना ‘लस दिली’ असा संदेश आला. केंद्रावर नोंद करताना चुकीची खूण झाली होती. त्यावर ८ मेपासून चार अंकी कोड आला. लाभार्थ्याने तो सांगितल्याशिवाय नोंद पूर्ण होईना. नुसते ‘काळजीपूर्वक काम करा’ असे परिपत्रक काढून हे साधले नसते. इथे चूक करणेच अवघड केले गेले.

बाह्यरुग्ण विभागात याच्या उलट चित्र रोज दिसते. ‘साठीची असेन’ म्हणणाऱ्या आजीकडे स्क्रीन जन्माचा दिवस आणि महिना मागते. मागे रांग वाढत असते, मग १ जानेवारी टाकली जाते. अशा अनेक आजींचा वाढदिवस एकच झाला, की एकाच नावाच्या दोघींना वेगळे ओळखण्याची खूण जाते. औषधांच्या यादीत डोब्युटामिन आणि डोपामिन जवळजवळ येतात. दोन्हींचे काम वेगळे, पण घाईत बोट एक ओळ खाली घसरायला कितीसा वेळ लागतो? आणि प्रत्येक बारीकसारीक गोष्टीला लाल इशारा आला, तर पन्नासावा इशारा न वाचताच बंद होतो, मग तो ॲलर्जीचा का असेना.

चांगली रचना म्हणजे रंगीबेरंगी चित्रे नव्हेत. ठळक अक्षरे, आपली भाषा, रुग्णाचे नाव आणि वय सतत डोळ्यांसमोर, ‘वय अंदाजे’ लिहिण्याची सोय, आणि धोक्याची खूण फक्त रंगाने नव्हे तर शब्दांनीही, कारण लाल-हिरवा फरक न कळणारी माणसेही कामावर असतात.

यासाठी फार खर्च येत नाही. सॉफ्टवेअरच्या करारावर सही होण्याआधी रात्रपाळीच्या सिस्टर, केसपेपर खिडकीवरचा कारकून आणि मोबाइल कमी वापरणारे काही रुग्ण यांना ते वापरायला द्यावे. ते कुठे अडतात, कुठे चुकतात हे शेजारी बसून पाहावे आणि मगच पैसे मोजावेत. नवे औषध तपासल्याशिवाय आपण वॉर्डात आणत नाही. स्क्रीनला सूट कशासाठी? आणि पुढे एखादी चूक झालीच, तर चौकशी अहवालात ‘मानवी चूक’ लिहिण्याआधी त्या कर्मचाऱ्यासमोर नेमके काय दिसत होते, ते समितीने स्वतः त्या खुर्चीत बसून पाहावे.