मुठींतला चतुरंग

नवी वस्तु आली कीं जुनी अडगळींत टाकावी, हा हल्लींच्या बाजाराचा दंडक आहे. आणि व्हिडिओ गेमच्या बाजारांत तर तो फारच कडकपणें पाळला जातो. आज ज्याची घरोघर चर्चा, त्याचें नांव दोन वर्षांनीं कोणास आठवत नाहीं. असें असतां २००३ सालीं जपानांतील स्क्वेअर कंपनीनें काढलेला 'फायनल फॅन्टसी टॅक्टिक्स ॲडव्हान्स' हा खेळ वीस वर्षांहून अधिक काळ लोटला तरी रसिकांच्या हातून सुटत नाहीं. या चिकाटीचें कारण काय असावें, याचा विचार आम्ही या खेपेच्या सदरांत करणार आहों. ज्यांनीं उभा जन्म रूपावलि आणि समासचक्र घोकविण्यांत घालविला, त्यांना हा विषय सुचला कसा, असें वाचकांस वाटेल. तर उन्हाळ्याच्या सुटींत आमच्या भाचीचा मुलगा नागपुराहून राळेगांवीं येतो, आणि त्याच्या वडिलांच्या कॉलेजच्या दिवसांतलें एक यंत्र बरोबर आणितो. त्याच्या शेजारीं बसून, चष्मा पुसून पुसून, आम्हीं हा खेळ पाहिला आणि पुढें स्वतः खेळलोंही.

यंत्राचें नांव 'गेम बॉय ॲडव्हान्स'. तें २००१ सालीं निघालें. दोन लहान सेलवर चालणारें आणि तळहातावर मावणारें असें हें यंत्र. त्याच्या पडद्यावर आडवे २४० आणि उभे १६० ठिपके, एवढाच काय तो चित्रकाराचा संसार. या एवढ्याशा जागेंत चौरस घरांचा उंचसखल पट मांडलेला असतो. त्यावर आपले सहा आणि समोर शत्रूचे कांहीं मोहरे. प्रत्येकानें आपल्या पाळीनें चालावयाचें. आपला विचार पुरा होईपर्यंत शत्रु निमूटपणें उभा राहतो. घाई नाहीं, बोटांची चपळाई नाहीं. उंचावर कोण, पाठीमागून कोण, पुढच्या पाळीला कोणता मोहरा उघडा पडेल, एवढेंच पाहावयाचें. आमच्यासारख्या कांपऱ्या हाताच्या माणसासही तो खेळतां येतो, तो यामुळेंच.

हें वर्णन वाचून आपल्या वाड्यांतल्या बुद्धिबळाची आठवण कोणास होणार नाहीं? चतुरंग ही आपलीच मिळकत. आणि महाराष्ट्रानें ती केवळ सांभाळली असें नव्हे, तिच्यावर ग्रंथरचनाही झाली. त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांच्या बुद्धिबळावरील संस्कृत ग्रंथाचें इंग्रजी रूपांतर १८१४ सालीं मुंबईत छापलें गेलें. देशी रीतींत प्यादें पहिल्या चालीलाही एकच घर जाई, आणि पलीकडच्या टोकाला पोंचलें म्हणजे ज्या मोहऱ्याच्या घरीं पोंचलें त्याचा अधिकार त्यास मिळे. वजिरानें केलेल्या मातेपेक्षां प्यादेमातेची प्रौढी मोठी, असें आमचे वडील मानीत. परंपरा आटली आहे असेंही नाहीं. नागपूरच्या दिव्या देशमुख हिनें २०२५ च्या जुलैंत जॉर्जियांतील बाटुमी येथें कोनेरू हंपी हिला हरवून महिलांचा विश्वचषक जिंकला आणि ती भारताची ८८ वी ग्रँडमास्टर झाली, ही गोष्ट आमच्या विदर्भाला अजून ताजी आहे.

परंतु बुद्धिबळांत जें नाहीं तें या जपानी खेळांत आहे. बुद्धिबळांतलें प्यादें डाव संपला कीं डबींत जातें आणि दुसऱ्या डावांत पुन्हां अज्ञच असतें. येथें मोहरा शिकतो. ज्या शस्त्राची विद्या शस्त्राबरोबर आली, ती लढायांतून पुरती मुरली म्हणजे शस्त्र काढून घेतलें तरी विद्या त्याच्यापाशीं राहते. चाळीस वर्षें मुलें शिकविलेल्या माणसाला यांत काय गोडी वाटली असेल, हें सांगावयास नको. शिवाय प्रत्येक लढाईवर एक न्यायाधीश नेमलेला असतो. 'आज अमुक अस्त्र वर्ज्य' असा त्याचा नियम सुटतो. तो मोडणाऱ्यास आधीं पिवळा पत्ता, मग लाल पत्ता, आणि लालानंतर तुरुंग. जेथें न्यायाधीशाची सत्ता नाहीं असे कांहीं प्रदेशही आहेत. तेथें नियमांची कटकट नाहीं, परंतु तेथें पडलेला गडी लढाई संपेपर्यंत उठला नाहीं तर कायमचाच जातो. नियमाचा जाच आणि नियमाचें छत्र हीं एकाच वस्तूचीं दोन अंगें आहेत, हें मुलास यापेक्षां सुलभ रीतीनें कोण शिकवील?

दैवाचा अंश या खेळांतही आहे. मात्र घाव घालण्यापूर्वीं तो लागण्याचा संभव शेंकडा किती, हें पडद्यावर दिसतें. पुढें जावें कीं थांबावें, हें खेळणाऱ्यानें ठरवावयाचें. आम्हां वैदर्भीयांना हा भेद जन्मतः कळावा. दमयंतीचें माहेर जें कुंडिनपूर, तें वर्धेच्या कांठचें कौंडिण्यपूर असें परंपरा सांगते, आणि तीच वर्धा आमच्या तालुक्याच्या कडेनें वाहते. नलराजानें राज्य घालविलें तें आंधळ्या फांशांनीं. आणि परत मिळविलें तें ऋतुपर्णापाशीं अक्षविद्या शिकल्यावर. सारांश, नाश खेळानें होत नाहीं. न समजून लावलेल्या पणानें होतो. केंद्र शासनानें २०२५ च्या ऑगस्टांत कायदा करून पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांस मनाई केली. त्या खेळांस आणि या खेळास एकाच दावणीला बांधणारे पालक आम्हांस रोज भेटतात, म्हणून हें सांगावें लागलें. हा खेळ एकदां विकत घेतला कीं पुन्हां कवडी मागत नाहीं. आणि यास शेवट आहे.

त्या शेवटाविषयींच आतां थोडें सांगावयाचें आहे. कथा अशी: एका लहान गांवांतलीं मुलें एक जुनें पुस्तक उघडतात, आणि रात्रींतून त्यांचें गांव 'इव्हालिस' नांवाचें अद्भुत राज्य होऊन जातें. तेथें चाकांच्या खुर्चींत बसणारा डोनेड धांवूं लागतो. म्यूट नांवाच्या पोरक्या मुलाला त्याची गेलेली आई राणीच्या रूपानें परत मिळते. केवळ मार्श, तो डोनेडचा थोरला भाऊ, म्हणतो कीं हें खरें नव्हे, आपण परत गेलें पाहिजे. त्यासाठीं त्यास मित्रांशीं आणि सख्ख्या भावाशींही विरोध पत्करावा लागतो, आणि शेवटचा सामना त्या राणीशींच होतो. मार्श शहाणा कीं निष्ठुर, हा वाद खेळणाऱ्यांत अजून मिटलेला नाहीं. मायावादावर आम्हीं पुष्कळ ऐकलें आहे; परंतु माया ही दुःखिताचें औषध असतां ती दूर सारावी काय, हा प्रश्न इतक्या अडचणीच्या जागीं आणून कोणी आमच्यापुढें ठेविला नव्हता.

आमच्या भाचीस जाऊन दोन वर्षें झालीं. मुलाचा खेळ पाहतांना आमच्या ध्यानीं आलें कीं त्याचे गडी सर्व विद्यांत पारंगत आहेत, तरी तो शेवटच्या लढाईस जात नाहीं. खेळांतल्या तीनशें कामगिऱ्यांपैकीं उरलेल्या हुडकीत राहतो. एके दिवशीं कारण विचारलें. तो पडद्यावरून नजर न काढतां म्हणाला, "आजोबा, ती लढाई जिंकली की त्याची आई जाते ना." घरांतील मंडळींचें मत होतें कीं यंत्र काढून घ्यावें आणि पोराला मैदानांत धाडावें. आम्हीं तें होऊं दिलें नाहीं. संध्याकाळीं त्यास आम्ही फिरावयास नेतों. त्या वेळीं आईच्या गोष्टी तो आपण होऊन काढतो, आम्ही ऐकतों. शेवटची लढाई अद्याप झालेली नाहीं. ती केव्हां करावयाची, हें त्यानेंच ठरवावें.

खेळ टिकतो तो चित्रांच्या झगमगाटानें नव्हे. जो खेळणाऱ्याला विचारास अवधि देतो, शिकलेलें वायां जाऊं देत नाहीं, आणि ज्या प्रश्नाचें उत्तर खेळाबाहेर शोधावें लागतें तो प्रश्न त्याच्या हातीं ठेवितो, तोच टिकतो. आपल्या मुलांच्या हातांतलें यंत्र हिसकून घेण्यापूर्वीं पालकांनीं एकदां त्यांच्याशेजारीं बसावें आणि तीं काय खेळतात तें पाहावें. काढून घ्यावयाचें कीं राहूं द्यावयाचें, याचा निर्णय त्यानंतर सुखानें करावा.