आधी शरीर बदला, मग मानू?

मी एका तालुक्याच्या गावी पतसंस्थेत रोखपाल आहे. अंगात पंजाबी ड्रेस, पाठीवर वेणी, गळ्यातल्या ओळखपत्रावर मुलीचं नाव. खातेदार मला ताई म्हणतात. मी पुरुष आहे.

घरात हे सांगितलं तेव्हा थोरल्या काकांनी एकच विचारलं, "ऑपरेशन झालंय का?" नाही म्हटल्यावर त्यांच्या लेखी विषय मिटला. कामावरची जिवाभावाची मैत्रीणही म्हणाली, "अरे, पण तू तर अजून केससुद्धा कापले नाहीस!" केस कापले नाहीत, कारण धाकट्या बहिणीला स्थळं येताहेत. हार्मोन्स सुरू केले नाहीत, कारण पगार घरभाडं आणि आईच्या औषधांत संपतो. ही माझी परिस्थिती झाली. मी कोण, हे त्यावरून कसं ठरणार?

संक्रांतीला शेजारच्या काकू हळदीकुंकवाला बोलावतात. मायेनं बोलावतात, म्हणून जातो. कपाळ पुढे करतो, वाणाची गाळणी घेतो, हसतो. घरी आल्यावर मात्र तासभर कुणाशी बोलवत नाही. शाळेत मुलींच्या रांगेत उभं राहतानाही असंच व्हायचं. तेव्हा नाव देता येत नव्हतं, इतकंच.

सर्वोच्च न्यायालयानं 15 एप्रिल 2014 रोजी राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या (नालसा) खटल्यातल्या निकालात लिंगओळख ठरवण्याचा हक्क ज्याचा त्याला दिला आणि शस्त्रक्रियेची सक्ती बेकायदा ठरवली. 2019 मध्ये संसदेनं ट्रान्सजेंडर व्यक्तींच्या हक्कांचा कायदा केला, त्यातही स्वतःला जाणवणारी ओळख मानली. पण प्रमाणपत्रावर 'पुरुष' किंवा 'स्त्री' हवं असेल, तर पुन्हा वैद्यकीय दाखला मागितला. मला हा घूमजाव वाटतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2022 पासून लागू झालेल्या आजारांच्या वर्गीकरणात ट्रान्सजेंडर असणं मानसिक विकारांमध्ये नाही. मग आम्ही डॉक्टरचा कागद कशासाठी दाखवायचा?

तुमच्या घरात उद्या कुणी असं सांगितलं, तर त्याला आपादमस्तक न्याहाळू नका. कोणत्या नावानं हाक मारू, आणि कुणासमोर मारू नको, हे विचारा. त्या मैत्रिणीनं नंतर हेच विचारलं. आता डबा खाताना आम्ही दोघंच असलो, की ती मला माझ्या नावानं हाक मारते. दुसरा प्रश्न विसरू नका. बातमी अवेळी फुटली तर नोकरी जाऊ शकते, भाड्याची खोलीही. या लेखाखाली माझं नाव नाही, ते त्यामुळेच.